चौसष्ट डाव्या बाह्या

मास्तरांच्या हातून एका दुपारी चौसष्ट डाव्या बाह्या कापल्या गेल्या, तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं आणि कापडाला हात लावून त्यांना एकोणचाळीस वर्षं झाली होती. नवशिक्याच्या हातून अशी चूक होत नाही, कारण नवशिका घाबरत घाबरत, दहादा विचारून काम करतो. अशी चूक व्हायला माणूस चांगला मुरलेला असावा लागतो.

गणवेश शिवण्याचा तो कारखाना फार मोठा नव्हता. चौदा शिलाई यंत्रं, काज-बटणाचा एक काउंटर, दोन इस्त्रीची टेबलं आणि खिडकीलगत अठरा फूट लांबीचं कटिंगचं टेबल. ते टेबल म्हणजे मास्तरांची गादी. त्यांना तिथे मास्तर सोडून दुसरं कोणी काही म्हणत नसे. पगाराच्या दिवशी सहीच्या वेळी त्यांचं नाव वाचलं गेलं, की नवीन बायका "हे कोण?" म्हणून इकडेतिकडे बघायच्या.

बँडवाल्यांचे बत्तीस कोट शिवायचे होते, जांभळ्या मखमलीचे. साधं कापड असलं तर टेबलावर एक थर सुलटा आणि त्यावर एक उलटा, असे तोंडाला तोंड लावून थर पसरतात. मग वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून एकदा पातं फिरवलं, की डावी आणि उजवी बाही आपोआप जोडीने निघते. त्यात डोकं चालवावं लागत नाही. मखमलीचं तसं नाही. मखमलीला लव असते. हात एका दिशेने फिरवला तर मऊ लागते, उलट्या दिशेने फिरवला तर अडते, आणि रंगही वेगळा दिसतो. म्हणून मखमलीचे सगळे थर तोंड वर करून, एकाच दिशेने पसरायचे असतात. मग आधी सगळ्या डाव्या बाह्या कापायच्या, नंतर फर्मा उलटा करून सगळ्या उजव्या. आठ थरांची एक चळत, अशा आठ चळती. पहिल्या चार डाव्या, पुढच्या चार उजव्या. हे मास्तरांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

पण त्या दुपारी मास्तर टेबलापाशी नव्हतेच. म्हणजे शरीराने होते, हात चालत होते, पातं बरोबर खडूच्या रेघेवरून फिरत होतं. मन मात्र त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर होतं. तिथे रविवारी रहिवाशांची सभा व्हायची होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला दिवा चार महिने बंद का, हा प्रश्न मास्तर सेक्रेटरींना विचारणार होते. चौथी चळत कापून झाली तेव्हा भाषण ऐन रंगात होतं. पाचव्या चळतीला सेक्रेटरींनी थातुरमातुर उत्तर दिलं, ते मास्तरांनी सहाव्या चळतीत खोडून काढलं. आठव्या चळतीला टाळ्या पडल्या. फर्मा उलटा करायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्या जोडायला घेतल्या त्या मावशींनी. मावशी कारखान्यात सगळ्यांत जुन्या, आणि त्यांच्या जिभेला कुठल्याही कातरीपेक्षा जास्त धार. त्यांनी एक बाही जोडली, दुसरी उचलली, मुंढ्याला लावून बघितली, फिरवून बघितली, आणि यंत्र बंद केलं.

"मास्तर," त्यांनी तिथूनच हाक मारली, "या बँडवाल्यांना दोन्ही हात डावेच आहेत का हो?"

सगळे हसले. मास्तरही हसले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ते जवळ आले, गठ्ठा उचकटला, एकेक बाही काढून बघू लागले. पंचवीस-तीस बाह्या पाहून झाल्यावर मावशी जरा नरमाईने म्हणाल्या, "राहू द्या आता. पुढच्या काही वेगळ्या निघणार नाहीत."

मखमलीची मागची बाजू बोडकी असते, त्यामुळे बाही उलटी करून लावायची सोय नव्हती. तोच जांभळा रंग पुन्हा मिळेना. शेवटी बँडमास्तर स्वतः येऊन बसला, डोक्याला हात लावला, आणि उजव्या बाह्या काळ्या कापडाच्या लावायचं ठरलं. कार्यक्रमात लोकांना ती नवी फॅशन वाटली म्हणे. एका वर्तमानपत्रात फोटोही आला. त्यामुळे मालकीणबाईंचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच, कारण आता ती चूक शहरभर वाजतगाजत फिरत होती.

मालकीणबाई तशा भल्या. सासऱ्यांनी उभा केलेला कारखाना त्या बावीस वर्षं सांभाळत होत्या. त्यांनी मास्तरांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, आणि तो समोर येईपर्यंत हिशेबाची वही चाळत राहिल्या. मालकीणबाई ओरडल्या की काळजी नसायची. त्या चहा मागवू लागल्या की धडगत नसायची.

"मास्तर, वय सगळ्यांचंच होतं. लक्ष राहत नसेल तर मोकळेपणाने सांगा. काज-बटणाचा काउंटर दिवाळं निघाल्यासारखा रिकामा पडलाय. बसून काम आहे. पगार तोच राहील."

"लक्ष राहतं बाई. एकदा चुकलं."

"चौसष्टदा चुकलं."

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. तो गोड होता की कडू, हे त्यांना कळलं नाही.

"दोन महिन्यांनी हॉटेलवाल्यांचं काम येतंय," मालकीणबाई म्हणाल्या. "दारवानांचे आणि ड्रायव्हरांचे चाळीस ओव्हरकोट. लोकरी कापड, तेही लवेचं. ते तुम्ही कापा. त्यात काही झालं, तर मग मात्र तुम्ही माझं ऐकायचं."

मास्तर बाहेर आले. काज-बटणाच्या काउंटरकडे त्यांनी अजिबात बघितलं नाही. तरी तो दिसलाच.

कापायची विद्या त्यांना मामांनी शिकवली होती. मामा म्हणजे नाकासमोर बघून चालणारा, मोजून बोलणारा माणूस. हातात कातर असताना मामा हाकेला ओ देत नसत. एकदा मामी दारात येऊन तीनदा म्हणाली, "अहो, तुमचे भाऊ आलेत," तरी मामांनी गळ्याचा वळसा पुरा कापला, कातर खाली ठेवली, आणि मग विचारलं, "कोण आलंय?" अठरा वर्षांच्या मास्तरांना तो हट्टीपणा वाटायचा. मास्तरांचा हात मामांपेक्षा चलाख होता. पाच-सहा वर्षांतच तो इतका बसला, की कापताना गप्पा मारता येऊ लागल्या, मग क्रिकेटची कॉमेंटरी ऐकता येऊ लागली, आणि हळूहळू काहीच करावं लागेना. हात शिकून तयार झाला आणि मनाला कायमची सुट्टी लागली. सुट्टीवर गेलेलं मन काही शहाण्यासारखं घरी बसत नाही, ते उंडारतं.

घरी याचे पुरावे ढीगभर होते. मास्तर दुसऱ्याच्या चपला घालून येत. एकदा दवाखान्यातून कोणाचा तरी चष्मा लावून आले आणि दोन दिवस "नंबर वाढला वाटतं" म्हणत राहिले. भाजीत मीठ नसलं तरी त्यांची तक्रार नसे. लग्नाच्या सुरुवातीला बायकोला हा त्यांचा समजूतदारपणा वाटला होता. पुढे तिला उलगडा झाला.

"तुम्ही घरी असता तेव्हा नक्की कुठे असता, एवढं एकदा सांगून ठेवा," ती म्हणायची. "निरोप द्यायला बरं."

बँडवाल्यांचा किस्सा घरी कळल्यावर मुलगी हसत सुटली. ती व्यायामोपचाराचं काम करायची, मास्तरांचा दुखरा उजवा खांदा तिच्याच ताब्यात होता. हसून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी एक वर्ग असतो, सजगतेचा. माझे तीन पेशंट जातात. सहा आठवड्यांचा आहे. तुम्ही जा."

"तिथे काय करतात?"

"बसतात."

"बसून काय करतात?"

"नुसतं बसतात. जे चाललंय त्याकडे लक्ष देतात."

"मग त्यासाठी वाचनालयात कशाला जायचं? मी इथे बसतो."

"तुम्ही इथे कधी बसलाय?" बायको आतून म्हणाली.

मास्तर गेले.

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका होत्या. मास्तरांना वाटलं होतं कोणीतरी पांढऱ्या कपड्यांतलं, हळू आवाजात बोलणारं माणूस असेल. या बाईंचा आवाज वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा होता. "डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या," त्या म्हणाल्या, आणि मास्तर चौथ्या मिनिटाला झोपले. शेजारच्या गृहस्थांनी कोपराने ढोसून उठवलं.

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "झोप आली हे लक्षात आलं ना?"

"माझ्या नाही आलं," मास्तर म्हणाले, "यांच्या आलं."

बाई मनापासून हसल्या. मग त्यांनी सांगितलं, की विचार आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, आला तसा जाऊ द्यायचा.

"बाई, आमच्याकडे आलेला विचार जेवल्याशिवाय जात नाही. कधीकधी मुक्कामालाच राहतो."

"राहू दे. तुम्ही वाढायला उठू नका, म्हणजे झालं."

दुसऱ्या शनिवारी बाईंनी सगळ्यांना खिशात जे असेल ते काढायला लावलं. कोणाकडे किल्ली, कोणाकडे पेन. मास्तरांच्या खिशात खडू होता, शिंप्याचा चपटा, त्रिकोणी. "पाच मिनिटं फक्त याच्याकडे बघा," बाई म्हणाल्या. "मन निघून गेलं की परत आणा. किती वेळा गेलं ते मोजा."

मास्तरांनी हजारो खडू झिजवले होते. पण खडू झिजतो कसा, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या खडूची एकच कड झिजायची, अंगठा दाबला जायचा तिथली. दुसऱ्या बाजूला बोटाचा खोलगट ठसा उमटला होता. त्यांना गंमत वाटली. मग खडूवरून मन कारखान्यावर गेलं, कारखान्यावरून चौसष्ट बाह्यांवर, तिथून काज-बटणाच्या काउंटरवर. त्यांनी ते परत आणलं. ते पुन्हा गेलं, आता सेक्रेटरींकडे. पाच मिनिटं संपली तेव्हा मास्तर खजील झाले होते.

"अकरा वेळा गेलं," त्यांनी कबूल केलं. "मला हे जमणार नाही, बाई."

"अकरा वेळा परत आणलंत ना?"

"हो, आणलं."

"मग अकरा वेळा जमलं की! व्यायामशाळेत वजन अकरा वेळा उचललं तर कोणी म्हणतं का, की अकरा वेळा खाली का ठेवलं?" मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं इंजेक्शनं दिली. प्रत्येक वेळी नाव, खाट, औषध, तिन्ही वाचायचे. हजाराव्या वेळीसुद्धा वाचायचे. हात सवयीने काम करतो, पण सवयीला दिसत नाही. बघायला तुम्हालाच यावं लागतं. यापलीकडे मला काही येत नाही, आणि मी तेवढंच शिकवते."

मास्तरांना एकदम मामा आठवले, कातर खाली ठेवून "कोण आलंय?" विचारणारे.

घरी मास्तर रोज सकाळी दहा मिनिटं खुर्चीत बसू लागले. पहिल्या दिवशी बायकोने दोनदा डोकावून पाहिलं आणि विचारलं, "रुसलात का?" चौथ्या दिवशी तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. बसणं त्यांना कधी जमायचं, कधी नाही. पण बाईंनी दुसरी एक युक्ती सांगितली होती. दिवसातली कुठलीही तीन बारीकसारीक कामं निवडायची आणि ती करताना तिथेच राहायचं. मास्तरांनी निवडली ती अशी: जिना चढणं, स्वतःचा कप विसळणं, आणि बायको बोलत असताना ऐकणं. तिसरं काम बारीकसारीक नाही, हे त्यांना दोन दिवसांत कळलं.

त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी ती समोर बसून शाळेतल्या गमती सांगत होती. ती एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. मास्तर ऐकत होते. मन दोनदा निसटलं, दोनदा आणलं. आणि तेव्हा त्यांना तिच्या गुडघ्याखाली खरचटल्याची वाळत आलेली मोठी खपली दिसली.

"हे काय झालं?"

ती बोलायची थांबली. "काय?"

"गुडघ्याला. पडलीस?"

"पहिल्यांदा पडले त्याला दीड महिना झाला. तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात. ही दुसऱ्यांदा पडले त्याची."

"कुठे पडलीस?"

"मैदानात. सायकलवरून."

"सायकलवरून? तू सायकल चालवतेस?"

"तीन महिने झाले शिकतेय. ग्रंथालयातल्या मैत्रिणीबरोबर, रोज सकाळी सहाला. तुम्हाला चार वेळा सांगितलंय. एकदा तर तुम्ही 'जपून' असंसुद्धा म्हणालात, मला इतकं बरं वाटलं होतं!"

हसावं की रडावं, मास्तरांना कळेना. चोपन्न वर्षांची बायको तीन महिने सायकल शिकते, दोनदा पडते, आणि आपण एकाच घरात राहून गावाला गेल्यासारखे! दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या मागोमाग मैदानावर गेले. ती हँडल घट्ट धरून, दात-ओठ खात, सरळ रेषेत निघाली. वळायची वेळ आली की उतरायची, सायकल हाताने वळवायची, पुन्हा बसायची. मास्तर कडेला उभे राहून सगळ्या फेऱ्या बघत होते. वीस मिनिटं मन कुठेही गेलं नाही. बाईंनी विचारलं असतं तर त्यांनी शून्य सांगितलं असतं.

कारखान्यात मास्तरांनी स्वतःसाठी एक नियम केला. चळतीवर पातं ठेवण्याआधी कापायचं यंत्र बाजूला ठेवायचं, उजवा तळहात कापडावर टेकवायचा, एक पूर्ण श्वास घ्यायचा, आणि काय कापतोय ते मोठ्याने म्हणायचं. "पाठ. दुसरी चळत." "बाही, डावी. पहिली चळत." असं म्हणताना त्यांना एक शोध लागला. कापताना त्यांचा उजवा खांदा कानापर्यंत वर चढलेला असायचा. तळहात टेकवला की तो खाली यायचा. मुलीने वर्षभर तेल चोळून जे झालं नव्हतं, ते महिनाभरात निम्मं झालं.

मावशी हे सगळं आपल्या यंत्रावरून बघत होत्या.

"मास्तर, ताप आहे का कापडाला?"

"नाही मावशी, बरं आहे."

"मग नाडी कशाला बघताय? आणि जेवताना अशीच भाजीवर हात ठेवून 'भाजी, पहिली वाटी' म्हणता का?"

इस्त्रीवाले त्यांना "डावे मास्तर" म्हणू लागले होतेच, आता कोणीतरी चळतीवर हात ठेवून शपथ घेतल्याची नक्कलही करू लागलं. मास्तर हसून घेत. खरी अडचण वेगळी होती. या थांबण्यात वेळ जायचा. फार नाही, दिवसाकाठी अर्धा तास. पण काचेच्या केबिनमधून मालकीणबाईंना मास्तर काम करताना दिसायचे कमी आणि उभे राहिलेले दिसायचे जास्त.

हॉटेलवाल्यांचं कापड सोमवारी आलं. गर्द हिरवं, जाड, लवेचं. शुक्रवारी कोट द्यायचे होते. मालकीणबाई सकाळीच टेबलापाशी आल्या.

"दुपारी जेवणाच्या आत कोटांच्या पुढच्या भागांची चळत कापून यंत्रांवर गेली पाहिजे, मास्तर. आज ते तुमचं हात ठेवणं जरा आवरतं घ्या."

"बघतो," मास्तर म्हणाले.

थर लावणाऱ्या दोघीजणींनी अकरापर्यंत वीस थर पसरून दिले. सगळे तोंड वर, सगळे एका दिशेने. मास्तरांनी वर फर्मे मांडले, खडूने आखले, यंत्र उचललं. मालकीणबाई केबिनच्या दारात उभ्या होत्या. मास्तरांना त्यांची नजर पाठीत जाणवली. हात आवरता घ्यावा असं मनात आलं. असं मनात आलंय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि तळहात कापडावर टेकवला.

"पुढचा भाग, पहिली..."

बोलता बोलता तळहात जरा सरकला आणि अडला. उजवीकडून डावीकडे जाताना लव मऊ लागायला हवी होती. ती मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखी उभी राहिली.

मास्तरांना आधी वाटलं, आपणच चुकीच्या बाजूला उभे आहोत. त्यांनी खिडकी कुठे आहे ते बघितलं. खिडकी जागेवर होती. त्यांनी चळतीची कड उचलून खालच्या थरांत हात घातला. खालचे बारा थर मऊ होते. वरचे आठ उलटे.

"अहो पोरींनो, या ताक्यात जोड होता का?"

"होता की," थर लावणारी म्हणाली. "गिरणीवाल्यांनी मध्ये शिवलेलं होतं. आम्ही तेवढं कापून टाकलं. नेहमीच असतं."

नेहमी असतं, पण या वेळी गिरणीत कोणीतरी जोडाच्या पुढचा तुकडा उलटा फिरवून गुंडाळला होता. डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. खिडकीतून ऊन येत नव्हतं, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात वीसच्या वीस थर एकसारखे हिरवे होते. थर लावणाऱ्या दोघी वाकून बघू लागल्या. "एकच तर आहे, मास्तर," एकजण म्हणाली. इस्त्रीवाला आला, त्यालाही काही दिसेना. मास्तरांनी पुन्हा हात फिरवला, आणि या वेळी त्यांना स्वतःचीच शंका आली. महिनाभर कापडाची नाडी बघून बघून आपल्याला भास तर होत नाहीत ना? बोललो आणि खोटं ठरलं, तर आळशी तर ठरूच, वर वेडेही ठरू. गप्प राहून कापलं तर निदान आजची वेळ टळेल.

त्यांनी मालकीणबाईंना हाक मारली.

"बाई, हे कापता येणार नाही. वरचे आठ थर उलट्या लवेचे आहेत. काढून फिरवून लावावे लागतील."

मालकीणबाईंनी घड्याळ बघितलं. मग कापड बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं, त्या चहा मागवण्याच्या नजरेने. "मला तर एकच दिसतंय."

"इथे एकच दिसतं. उन्हात चला."

"मास्तर, आज शुक्रवार नाही, सोमवार आहे हे खरं, पण शुक्रवार यायला वेळ लागत नाही."

"पाच मिनिटं, बाई. चुकलो तर मी आत्ता काउंटरवर जाऊन बसतो."

यंत्रं एकेक करून थांबली. मास्तरांनी खालच्या थराची एक कड कापून घेतली, वरच्या थराची एक घेतली, आणि दोन्हीवर खडूने बाणाची एकाच दिशेची खूण केली. सगळा कारखाना अंगणात आला. मावशी सुद्धा आल्या, हातात अर्धी शिवलेली पँट घेऊन.

मास्तरांनी दोन्ही तुकडे भिंतीला धरले, बाण खाली करून. एक गर्द हिरवा होता. दुसरा धुऊन धुऊन विटल्यासारखा दिसत होता.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे हॉटेलच्या दारात एक दारवान नवा आणि एक वापरलेला!"

"आणि बाह्या दुसऱ्या चळतीतल्या," मास्तर म्हणाले. "म्हणजे कोणाचं अंग नवं, हात जुने."

मालकीणबाईंनी दोन्ही तुकडे हातात घेतले. आधी डोळे उघडे ठेवून हात फिरवला, मग डोळे मिटून. एकदा खाली, एकदा वर. "कापलं असतं तर शुक्रवारी हॉटेलच्या दारातच कळलं असतं," त्या जणू स्वतःशीच बोलल्या. मग विचारलं, "मास्तर, हे तुम्हाला आधीही कळायचं? पूर्वी?"

मास्तरांना 'हो' म्हणायचा मोह झाला. एकोणचाळीस वर्षांचा अनुभव, काय समजलात, असं काहीतरी. पण ते खरं नव्हतं.

"नाही बाई. हात पूर्वीही फिरायचा. पण मी तिथे नसायचो."

मालकीणबाई तुकडे घेऊन आत गेल्या. थर लावणाऱ्या दोघी, इस्त्रीवाला आणि मास्तर, चौघांनी मिळून वरचे आठही थर एकेक करून उचलले, टोकाला टोक फिरवले, पुन्हा पसरले. जेवणाची वेळ टळून गेली. सव्वादोनला मास्तरांनी फर्मे पुन्हा मांडले. त्या दोन कडा सोडल्या तर कापड एक इंचही वाया गेलं नव्हतं.

ते खडू उचलत होते तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. मालकीणबाईंनी हिशेबनीस बाईंना हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काज-बटणाच्या काउंटरसाठी माणूस पाहिजे, अशी बाहेर पाटी लावा. आजच लावा. किती दिवस रिकामा ठेवायचा तो?"

मास्तरांनी मावशींकडे पाहिलं. मावशी सुईत दोरा ओवत होत्या, नजर न उचलता म्हणाल्या, "आता तरी कापा. का कापडाला अजून बरं वाटत नाहीये?"

सगळे खो-खो हसले. मास्तरही हसले, आणि तेवढ्या वेळात त्यांचं मन जिना चढून घरी पोचलं सुद्धा. बायकोला हे सगळं कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, अंगणात तुकडे कसे धरले ते हातवारे करून कसं दाखवायचं, ती मध्येच काय म्हणेल... भाषणाचं पहिलं वाक्य तयार झालं होतं. हातात यंत्र होतं आणि पातं खडूच्या रेघेपासून दोन बोटांवर.

मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. घरी सांगायचं ते घरी गेल्यावर. तळहात कापडावर टेकला, लव मऊ लागली, खांदा खाली आला.

"पुढचा भाग," ते मोठ्याने म्हणाले, "पहिली चळत."